शनिवारी बंद असणारं बंदर

लहानपणी मे महिन्यात आजीकडे रेवदंड्याजवळच्या गावी गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडायचं, शनिवारी तेल आणायला जायचं नाही. मला वाटायचं शनीचा वार म्हणून असेल, कारण आमच्याकडे मुंबईलाही शनिवारी तेल विकत घेत नसत, मारुतीला वाहायचं तेल शुक्रवारीच आणून ठेवायचं. पण आजीचं कारण वेगळंच होतं. ती म्हणायची, अगं शनिवारी त्यांचा घाणा बंद असतो ना, मग तेल देणार कोण? आणि हे ती म्हणायची तेव्हा तो घाणा बंद पडून वीस-पंचवीस वर्षं झालेली, ती माणसं केव्हाच इस्रायलला गेलेली, तेल वाण्याकडे पिशवीतून मिळायचं. माणसं गेली, घाणा गेला, पण आजीच्या डोक्यातला त्यांचा शनिवार तसाच राहिला होता.

शनिवार तेली. जुन्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या लोकांना हा शब्द माहीत असेल. बेने इस्रायली लोक, म्हणजे कोकणातले ज्यू, ज्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि सात बायका आणि सात पुरुष तेवढे वाचले अशी त्यांच्यात सांगतात ती गोष्ट, ते पुढे गावोगावी तेल गाळायचा धंदा करायला लागले आणि शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी काम करत नाहीत म्हणून लोकांनीच त्यांना हे नाव दिलं. धर्माचे ग्रंथ बुडाले, भाषा मराठी झाली, नावं पेणकर, दिवेकर, नवगावकर अशी गावांवरून पडली, लक्षात राहिली ती शमा नावाची हिब्रू प्रार्थना, काही सणवार आणि हा एक वार. म्हणजे सगळं गेलं तरी चालेल पण शनिवारी बैल घाण्याला जुंपायचा नाही.

हे सगळं मला विमानात आठवलं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये नवऱ्याची एक कॉन्फरन्स ग्रीसमध्ये थेसालोनिकीला होती, म्हटलं मी पण येते, चार दिवस रजा शिल्लक होती. जाताना फोनवर त्या शहराबद्दल वाचत होते, सिकंदराच्या सावत्र बहिणीच्या नावावरून शहराचं नाव, अतातुर्कचा जन्म इथला, बायझंटाईन चर्चेस वगैरे, आणि मग एक ओळ आली की या शहराचं बंदर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शनिवारी बंद असायचं. मी तिथेच थांबले. एवढं मोठं बंदर, बाल्कनचा सगळा माल जिथून ये-जा करायचा ते, आणि शनिवारी बंद! कारण बंदरावरचे हमाल, मच्छीमार, कस्टमचे कारकून, व्यापारी यात ज्यूंचीच संख्या जास्त होती, त्यामुळे मालक कोणी का असेना, धर्म कुठला का असेना, बोट शनिवारी लागली तर रविवारपर्यंत थांबायची. आजीच्या गावात एक घाणा थांबायचा, इथे एक अख्खं बंदर.

थोडं मागे जाऊन सांगते. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने फर्मान काढलं की ज्यूंनी एक तर ख्रिश्चन व्हावं नाहीतर देश सोडावा. हजारो लोक निघाले. ऑटोमन सुलतान दुसऱ्या बायझीदने त्यांना आपल्या राज्यात घेतलं आणि त्यातले खूप जण या बंदरात उतरले. शहर तुर्कांनी १४३० मध्ये जिंकलेलं, बरंचसं ओस पडलेलं, त्याला माणसं हवीच होती. मग या लोकांनी तिथे लोकर विणली, छापखाने काढले, देवळं बांधली आणि आपण आलो त्या गावांची नावं त्या देवळांना दिली, कास्तिल, आरागॉन, कॅटलोनिया. आणि भाषा सोडली नाही. स्पेनहून आलेली जुनी स्पॅनिश, तिच्यात हिब्रू, तुर्की, ग्रीक शब्द मिसळत गेलेली, ती लादिनो. साडेचारशे वर्षं ती भाषा त्या बंदरात घरात, बाजारात, भांडणात, अंगाईत बोलली जात होती. मला त्यातला एक शब्द फार आवडला. स्पॅनिशमध्ये रविवारला दोमिंगो म्हणतात, म्हणजे प्रभूचा वार. पण हा प्रभू ख्रिश्चनांचा, त्याचं नाव आपण कसं घ्यायचं म्हणून त्यांनी बाकी सगळे वार स्पॅनिश ठेवले आणि रविवारला अरबी शब्द घेतला, आल्हाद. शनिवार अर्थातच शबात.

ज्यांनी हाकललं त्यांचीच भाषा साडेचारशे वर्षं बोलत राहायचं हे मला आधी विचित्र वाटलं, पण मग वाटलं की भाषा हाकलणाऱ्यांची थोडीच असते, ती आईची असते. आमच्याकडून इस्रायलला गेलेले लोकही तिकडे मराठी बोलत राहिले, मायबोली नावाचं नियतकालिक काढत राहिले. फरक एवढाच की त्यांना इथून कोणी हाकललं नव्हतं. या फरकाकडे मी पुन्हा येणार आहे कारण चार दिवस तो माझ्या डोक्यातून गेला नाही.

१९१२ मध्ये ग्रीकांनी शहर ताब्यात घेतलं आणि १९१३ मध्ये शिरगणती केली तेव्हा दीड लाखाच्या आसपास वस्तीत ज्यू साठ हजारांवर होते, म्हणजे ग्रीकांपेक्षा जास्त, तुर्कांपेक्षा जास्त. युरोपातलं असं मोठं शहर दुसरं कुठलं होतं? लोक त्याला इस्रायलची आई म्हणायचे. मग १८ ऑगस्ट १९१७ ला आग लागली, एका निर्वासिताच्या घरातल्या चुलीची ठिणगी उडाली म्हणतात, आणि जुनं शहर जळून सत्तर हजारांवर लोक बेघर झाले, त्यात ज्यूच जास्त. मी फोनवर कॅलेंडर मागे नेऊन बघितलं, तो शनिवार होता. तेव्हा नुसतंच बघितलं, त्याचा काही अर्थ लावावा असं वाटलं नाही. नंतर मात्र मी प्रत्येक तारखेचा वार बघायला लागले.

आगीनंतर १९२३ मध्ये ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकांची अदलाबदल केली, मुसलमान तिकडे, ख्रिश्चन इकडे. आपल्याला फाळणी माहिती आहे त्यामुळे हे काय असतं ते वेगळं सांगायला नको. तुर्कस्तानातून सगळं हरवून आलेले ग्रीक निर्वासित हजारोंनी शहरात उतरले आणि एकदम शहराचा तोंडवळा बदलला, ज्यू अल्पसंख्य झाले. १९२४ मध्ये कायदा झाला की सगळ्यांनी रविवारी बंद ठेवायचं. झालं. चारशे वर्षांचा शनिवार एका कायद्याने संपला. आता शनिवार पाळायचा तर आठवड्यात दोन दिवस धंदा बंद, आणि ते बंदरावरच्या हमालाला कसं परवडणार? काहींनी शनिवारी काम करायला सुरुवात केली, काही देश सोडून गेले, १९३० च्या दशकात बंदरावरचे कितीतरी कामगार हैफाला गेले आणि तिथल्या बंदरावर कामाला लागले. मी हे वाचलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं, की चला कुणीतरी वेळेत निघालं.

गुरुवारी सकाळी मी नवऱ्याबरोबर कॉन्फरन्सच्या जागी गेले, अॅरिस्टॉटल युनिव्हर्सिटीत. मोठं कॅम्पस, साठ-सत्तरच्या दशकातल्या असतात तशा सिमेंटच्या इमारती, भिंतीभर राजकीय घोषणा रंगवलेल्या, सिगारेटी ओढत बसलेली पोरं, कुत्री, कॉफीचे कागदी कप. अगदी आपल्याकडचं कुठलंही कॉलेज वाटावं. तो आत गेला आणि मी हिरवळीवर ज्यूंचं स्मारक शोधत गेले. फार मोठं नाहीये. गवतात मेनोरा, म्हणजे ज्यूंचा सात फांद्यांचा दिवा, आणि थडग्यांच्या दगडांचे तुकडे. २०१४ मध्ये बसवलं. १९४२ नंतर तब्बल ७२ वर्षांनी.

कारण हे अख्खं कॅम्पस ज्यूंच्या दफनभूमीवर उभं आहे. तीन लाखांवर थडगी होती इथे, सुमारे साडेतीन लाख चौरस मीटर जागा, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या ज्यू दफनभूमींपैकी एक. पंधराव्या शतकातल्या स्पेनहून आलेल्यांपासून परवा परवा गेलेल्यांपर्यंत सगळे इथेच. शहर वाढत होतं, जागा मोक्याची, युनिव्हर्सिटीला हवी होती, नगरपालिकेचा डोळा दुसऱ्या महायुद्धाच्या कितीतरी आधीपासून तिच्यावर होता. जर्मन आले आणि ते काम सोपं झालं. १९४२ च्या डिसेंबरमध्ये नगरपालिकेने पाचशे मजूर लावले आणि काही आठवड्यांत सगळं उखडलं. नातेवाईक हाडं गोळा करायला धावत आले, ज्यांना जमलं त्यांनी नेली. दगड मात्र शहराने नेले. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. जर्मनांनी त्यातून पोहण्याचा तलाव बांधला ते मी समजू शकते, म्हणजे त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. पण उरलेला संगमरवर अंगणाच्या फरशीला गेला, रस्त्यांना गेला, भिंतींना गेला, शहराचा रक्षक संत दिमित्रियोस, त्याच्या आगीत जळालेल्या चर्चच्या दुरुस्तीलासुद्धा गेला. ज्याला लागेल त्याने नेला. नावं कोरलेले दगड, कुणाच्या तरी आजोबांचं, कुणाच्या तान्ह्या मुलाचं नाव असलेले.

संध्याकाळी नवरा म्हणाला, हॉल फार छान होता गं, एसी जरा जास्त होता. मी त्याला सांगितलं खाली काय आहे ते. तो काही बोलला नाही, जेवताना मध्येच म्हणाला, उद्या माझं प्रेझेंटेशन आहे. मला कळलं त्याला काय म्हणायचंय. आणि तरीही प्रेझेंटेशन द्यावंच लागतं, ती पोरंही तिथे शिकतातच, शिकू नये असं थोडंच आहे, पण सांगायला काय हरकत होती? मी शुक्रवारी सकाळी जिथे बुगात्सा खाल्ला, म्हणजे आत गोड साय भरलेली खुसखुशीत पापुद्र्यांची पेस्ट्री, त्या दुकानातल्या बाई माझ्या वयाच्याच होत्या. इंग्रजी बरं होतं. कुठे कुठे जाऊन आलात म्हणाल्या, मी युनिव्हर्सिटी म्हटल्यावर हसून म्हणाल्या, मी तिथेच शिकले. मग थोडं थांबून स्वतःहूनच म्हणाल्या, चार वर्षांत कुणी एकदाही सांगितलं नाही, मला कळलं तेव्हा माझी मुलगी शाळेत जात होती. आणि मग दुसरं गिऱ्हाईक आलं.

शुक्रवारी मी एलेफ्थेरियास चौकात गेले. एलेफ्थेरिया म्हणजे स्वातंत्र्य. १९०८ मध्ये तरुण तुर्कांची क्रांती झाली तेव्हा तुर्क, ग्रीक, ज्यू, बल्गेरियन सगळे इथे जमून एकमेकांच्या गळ्यात पडले होते, म्हणून हे नाव. मी गेले तेव्हा तिथे गाड्यांचं पार्किंग होतं. एका कोपऱ्यात समुद्राकडे तोंड करून नांदोर ग्लिद या शिल्पकाराचं ब्राँझचं शिल्प आहे, लांबून ज्वाळा वाटतात, जवळ गेल्यावर कळतं की माणसांची अंगं आहेत, गुंतलेली, आणि सगळ्याचा मिळून मेनोराचा आकार.

११ जुलै १९४२. शनिवार. १८ ते ४५ वयाच्या सगळ्या ज्यू पुरुषांनी सकाळी या चौकात हजर राहायचं असा हुकूम निघाला. नऊ हजारांच्या आसपास लोक आले. आता हा वार काही आपोआप आलेला नव्हता, शबातच्याच दिवशी बोलावलेलं. भर उन्हात तासन्‌तास उभं केलं, डोक्यावर टोपी घालू दिली नाही, पाणी नाही, जो पडेल त्याला मारायचं, त्यांच्याकडून कवायती करून घ्यायच्या, जमिनीवर लोळायला लावायचं आणि आजूबाजूच्या इमारतींच्या बाल्कन्यांमधून लोक बघतायत, फोटो काढतायत. ते फोटो आहेत, तिथल्या ज्यू म्युझियममध्ये बघितले मी. मला फोटोतल्या कवायती करणाऱ्या माणसांकडे जास्त वेळ बघवेना, मी बाल्कन्यांकडे बघत होते. त्यातले काही जर्मन असतील. सगळेच नसतील.

त्यातले हजारो मग रस्ते आणि विमानतळ बांधायच्या कामावर पाठवले, उन्हाने, मलेरियाने, उपासमारीने कितीतरी मेले. समाजाने त्यांना सोडवायला पैसे गोळा केले, अडीच अब्ज द्राख्मांवर, म्हणजे तिथल्या चलनात, सौदा झाला, आणि याच वाटाघाटींच्या ओघात दफनभूमी पण गेली. ज्या जर्मन अधिकाऱ्याने हा सौदा केला, माक्स मेर्टेन, तो युद्धानंतर वकिली करत होता, १९५७ मध्ये कामासाठी आरामात परत ग्रीसला आला तेव्हा पकडला गेला, २५ वर्षांची शिक्षा झाली आणि वर्षाच्या आत त्याला जर्मनीला सोडून दिलं. यावर मला काही लिहायचंच नाहीये, लिहिलं तर शिव्याच येतील.

पुढचं फार झपाट्याने झालं. १९४३ च्या फेब्रुवारीत ज्यूंना छावण्यांकडे धाडायचं काम सांभाळणारा नाझी अधिकारी आइकमन, त्याची माणसं आली, विस्लिसेनी आणि ब्रुनर. पिवळे बिल्ले, घरांवर खुणा, घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायच्या वस्त्या. स्टेशनच्या बाजूला बॅरन हिर्श या दानशूराच्या नावाची गरिबांची वस्ती होती, तिला लाकडी कुंपण घालून तिची छावणी केली, म्हणजे गाडीत चढवायच्या आधी माणसं ठेवायची जागा. लोकांना सांगितलं की पोलंडमध्ये क्राकोला तुमची वस्ती होणार, काम मिळेल, घर मिळेल. त्यांच्याकडचे द्राख्मा घेतले आणि तिकडे गेल्यावर मिळतील म्हणून पोलंडच्या झ्लोटींच्या पावत्या दिल्या. या पावत्यांचं मला फार वाईट वाटलं. का ते नीट सांगता येत नाही. माणसाने ती पावती जपून आतल्या खिशात ठेवली असेल, बायकोला सांगितलं असेल की पावती माझ्याकडे आहे, घाबरू नको. काही पोरापोरींनी घाईघाईत लग्नं लावली, नवीन जागी नवराबायकोला वेगळी खोली मिळेल अशी बातमी होती म्हणून.

पहिली गाडी १५ मार्च १९४३ ला निघाली, सोमवारी. गुरांचे डबे. मी जुन्या मालगाडीच्या स्टेशनवर पण जाऊन आले, गवत वाढलेलं, गंजलेले रूळ, तिथे होलोकॉस्ट म्युझियम होणार म्हणून २०१८ मध्ये पाटी बसवलेली. कोणी नव्हतं. रूळांवर उभं राहून मी परत फोन काढला आणि मोजलं. गाडी पाच दिवसांनी, २० मार्चला पोलंडमधल्या ऑश्विट्झला, नाझींच्या मृत्युछावणीत पोचली. शनिवारी. सुमारे २,८०० माणसं होती त्या गाडीत, त्यातल्या सहाशेच्या आसपास लोकांच्या हातावर नंबर गोंदले, बाकी सगळे, म्हणजे म्हातारी माणसं, आया, लहान मुलं, त्याच दिवशी गॅसमध्ये मारले. हे लोक सालोनिकाचे, म्हणजे याच थेसालोनिकीचे. त्यांच्या आजोबांनी बोटी थांबवल्या होत्या या दिवसासाठी.

ऑगस्टपर्यंत एकोणीस गाड्या गेल्या. सुमारे ४६ हजार माणसं. परत आले किंवा डोंगरात लपून वाचले ते धरून दोन हजारांच्या आत. आता शहरात हजारभर ज्यू आहेत. शंभरातले शहाण्णव जण गेले असं पुस्तकात असतं, मी ते असं समजून घेतलं की आमच्या सोसायटीत पंचवीस बिऱ्हाडं आहेत, त्यातलं एक राहिलं. आणि त्या एका बिऱ्हाडाच्या दारासमोरून आम्ही... नाही, आम्ही तर नाहीच आहोत.

ज्यू म्युझियम अयिऊ मिना नावाच्या गल्लीत आहे, १९१७ च्या आगीतून वाचलेल्या थोड्या इमारतींपैकी एका इमारतीत, मोदियानो मार्केटच्या जवळच. आत गेल्याबरोबर तळमजल्यावर थडग्यांचे दगड, जे परत मिळाले ते, आणि भिंतीवर दफनभूमीचे जुने फोटो, थडग्यांवर वाकलेल्या बायका, फर लावलेल्या पारंपरिक झग्यातल्या. एका दगडाजवळ मी खूप वेळ उभी होते, हिब्रू मला वाचता येत नाही, पण त्याच्या एका बाजूला चुन्याचा डाग होता, म्हणजे तो कुठल्या तरी भिंतीत होता इतकी वर्षं. वरच्या मजल्यावर मार्सेल नाजारीबद्दल विचार करत बसले. हा याच शहरातला तरुण, ऑश्विट्झमधल्याच बिर्केनाऊ छावणीत प्रेतं जाळायच्या कामावर लावलेला. त्याने १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीकमध्ये चिठ्ठी लिहिली, थर्मासमध्ये घालून पुरली. ती १९८० मध्ये सापडली, शाई इतकी उडालेली की फारच थोडं वाचता येत होतं, २०१७ मध्ये कॉम्प्युटरच्या मदतीने जवळजवळ सगळी वाचता आली. तो स्वतः वाचला होता, पण चिठ्ठी सापडायच्या आधीच न्यूयॉर्कमध्ये वारला. आपण पुरलेलं मिळालं हे त्याला कळलंच नाही.

मला वाटलं होतं मी इथून रडत परत जाईन. रडू आलं नाही. मला सारखं आजीच्या घरातलं तेलाचं माप आठवत होतं.

पितळेचं, पावशेराचं, एका बाजूला पोचा आलेलं. आजीच्या शेजारच्या तेल्यांच्या काकी साठच्या दशकात इस्रायलला निघाल्या तेव्हा सामान फार नेता येत नव्हतं, मुलगे पुढे गेलेले, त्यांनी आजीला बोलावून ते माप हातात दिलं आणि म्हणाल्या, घे, माझी आठवण. आजी त्यांच्याकडचा मलिदा खाल्लेली, त्यांच्या बिरड्याच्या सणाला त्यांच्यासाठी वाल सोलून दिलेली. त्यांचा तो सण म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचं सुतक, हे मला फार नंतर कळलं, आजीला बहुतेक माहीतच नव्हतं, तिला एवढंच माहीत की त्या दिवशी काकी रडतात आणि बिरडं करतात. माप आता माझ्या आईकडे आहे. त्यात ती ज्वारी मोजते.

मी इतकी वर्षं ही गोष्ट अभिमानाने सांगत आले, की बघा आमच्याकडे यांना कधी कुणी त्रास दिला नाही, गेले ते स्वखुशीने गेले. खोटं नाहीये ते. पण थेसालोनिकीत पहिल्यांदा वाटलं की हे सांगताना आपण स्वतःला किती मोठं करून घेतो. आजीवर वेळ कधी आलीच नव्हती. कुणी तिला येऊन सांगितलं नव्हतं की शेजारचं घर उद्यापासून रिकामं आहे, काय हवं ते ने. इथल्या बायकांवर ती वेळ आली. काहींनी दारं उघडून माणसं लपवली, हेही खरं आहे. झाकिन्थोस बेटावर तर जर्मनांनी ज्यूंची यादी मागितली तेव्हा बिशप ख्रिसोस्तोमोस आणि नगराध्यक्ष कारेर यांनी कागदावर फक्त दोन नावं लिहून दिली, स्वतःची, आणि तिथले २७५ ज्यू सगळे वाचले. म्हणजे अगदीच काही करता येत नव्हतं असं नाही. पण इथे बाल्कन्या होत्या, आणि नंतर रिकामी दुकानं होती, अकरा-बारा हजार घरं होती, आणि संगमरवर फुकट होता. माप हातात दिलेलं असतं आणि दगड उचलून आणलेला असतो, दोन्ही घरातच येतात आणि पन्नास वर्षांनी नातवंडांना दोन्ही सारखेच आपले वाटतात. माझ्या घरात जे काही जुनं आहे त्यातलं काय दिलेलं आणि काय उचललेलं हे मी कधी विचारलं नव्हतं. आता आईला विचारायला लागले आहे. सगळ्याची उत्तरं मिळत नाहीत.

शहराचं पण असंच चाललंय असं दिसलं, हळूहळू. यानिस बुतारिस नावाचे त्यांचे महापौर २०१४ मध्ये शपथ घ्यायला आले ते कोटावर ज्यूंना लावावा लागायचा तसा पिवळा तारा लावून, आणि त्याच वर्षी युनिव्हर्सिटीतल्या स्मारकाच्या वेळी त्यांनी उघड सांगितलं की या शहराने इतकी वर्षं गप्प राहिल्याची लाज वाटते. मला ते भाषण फार महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याने केलेल्या पापाबद्दल बोलणं त्या मानाने सोपं असतं, पण आपल्या गप्प बसण्याबद्दल बोलायला किती वर्षं लागतात बघा ना.

शनिवारी कॉन्फरन्स संपली होती. सकाळी आम्ही मोनास्तिर सिनेगॉगपर्यंत चालत गेलो, युद्धात रेड क्रॉसने ते वापरलं म्हणून वाचलेलं, बाहेर सिक्युरिटी, आत जायचं तर आधी कळवावं लागतं, आम्ही समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभे राहिलो. दोन म्हातारे आणि एक तरुण मुलगा आत गेले. बस, तेवढेच दिसले. मग बाजारात आलो तर कसली गर्दी, मासेवाले ओरडतायत, ऑलिव्हचे ढीग, चीज, मसाले, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, कुलुरी, म्हणजे तीळ लावलेली पावाची कडी, विकणारे. शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस तिथे. त्या लोकांनी काय करावं, त्यांना सुट्टी आहे, खरेदी करायची आहे, मी पण अर्धा किलो ऑलिव्ह घेतलेच. पण घेताना हात जरा अडला. शनिवारी तेल घ्यायचं नाही. ऑलिव्ह म्हणजे तेलच की.

संध्याकाळी बंदरावर जुन्या धक्क्यावर जाऊन बसलो. जुनी गोदामं आता म्युझियम आणि कॅफे झाली आहेत, पोरंपोरी पाय सोडून बसलेली, पलीकडे खाडीवर सूर्य बुडत होता, हवा स्वच्छ असली की तिथून ऑलिंपस पर्वत दिसतो, त्या दिवशी नुसती धूसर कड दिसत होती. एक मालवाहू जहाज आत येत होतं, हळू, भोंगा वाजवत. मी नवऱ्याला सांगत होते की आजी म्हणायची शनिवारी संध्याकाळी दिवेलागणीनंतर घाणा नाही पण तेल मिळायचं, मात्र आकाशात तीन चांदण्या दिसल्यावर, त्याआधी काकी दार उघडायच्या नाहीत, मग गावातली पोरं बरणी घेऊन त्यांच्या अंगणात वर बघत उभी असायची आणि ज्याला तिसरी दिसेल तो ओरडायचा.

तो वर बघायला लागला. बंदराच्या दिव्यांमुळे फार काही दिसत नव्हतं. एक दिसली, मग बऱ्याच वेळाने एक. जहाज तोपर्यंत धक्क्याला लागलं होतं आणि क्रेन सुरू झाली होती.